चार हजारांच्या पुढे

पेट्रोल गाडीचं एक दुखणं असं आहे, की ते सपाट रस्त्यावर दिसतच नाही. गाडी पहिल्या किल्लीला सुरू होते, सिग्नलला शांत उभी राहते, पेठांच्या गर्दीतून कुरकुर न करता फिरते. मग पुण्याहून साताऱ्याकडे निघावं, शिरवळ मागे पडावं, खंडाळ्यानंतर खंबाटकीचा चढ सुरू व्हावा, रखडलेल्या ट्रकला ओलांडायला तिसरा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, आणि आरपीएमचा काटा चार हजारांच्या पुढे सरकला की इंजिनानं गचके द्यायला लागावं. आवाज तुटतो, ताकद जाते, मागची गाडी हॉर्न मारते. पाय सैल केला की क्षणात सगळं पुन्हा सुरळीत.

पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली अशा दुपदरी घाटांत हेच ओव्हरटेक करताना घडलं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून या दुखण्याकडे ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणून पाहता येत नाही. आणि तरीही गॅरेजांमध्ये सर्वांत जास्त चुकीचे उपचार याच तक्रारीवर होतात. प्लग बदलतात, कॉइल बदलतात, सेन्सर बदलतात, थ्रॉटल बॉडी साफ होते, बिल वाढत जातं आणि घाट लागला की गाडी पुन्हा तीच.

याचं कारण मेकॅनिकचा हात कच्चा असतो हे नव्हे. निदानाची सुरुवातच उलट्या टोकाकडून होते. काय बिघडलं हे शोधायच्या आधी, ते कधी बिघडतं हे नीट विचारावं लागतं. ज्यांनी हे विचारणं सोडलेलं नाही अशी माणसं अजून आपल्या महामार्गांच्या कडेला काम करताहेत. त्यांच्या पद्धतीबद्दल हा लेख आहे.

वस्तादांचे प्रश्न

शिरवळच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या अलीकडे, रस्त्यालगत एक गॅरेज आहे. मालक साठीकडे झुकलेले; आसपासचे सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. त्यांच्याकडे ट्रायलसाठी रस्ता तयारच आहे : खंबाटकी चढून वेळ्याच्या बाजूला जायचं आणि बोगद्यातून परत यायचं.

मी तिथे असताना एक गाडी आली. दहा वर्षांची, बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. गाडीचे मालक पुण्यात नोकरीला, गाव कोरेगाव तालुक्यात. बदललेल्या पार्टांची यादी त्यांनी मोबाइलमध्ये लिहून ठेवली होती : चारही प्लग, दोन कॉइल, एअर फिल्टर, पुढचा ऑक्सिजन सेन्सर आणि शेवटी टाकीतला पेट्रोल पंपसुद्धा. गाडी तरीही चढाला मिसिंग करत होती, म्हणजे गचके देत होती.

वस्तादांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टूल पुढे ओढलं आणि मालकांना बसवलं.

“साहेब, मिसिंग कवा मारती?”

“रेस जास्त केली की.”

“नुसत्या उभ्या गाडीला रेस दिली तर?”

मालकांनी तसं कधी करून पाहिलं नव्हतं.

“बरं. चढाला चौथ्या-पाचव्या गिअरला हळू असताना एकदम दाबली तर? गार असताना होतं का तापल्यावर? टाकी भरलेली असताना होतं का तळाला आल्यावर? निघाल्या निघाल्या, का तासाभरानं? पावसात वाढतं का?”

पाच-सात साधे प्रश्न, पण एकही गप्पा मारायला विचारलेला नव्हता. प्रत्येक उत्तरानं संशयितांची यादी कमी होते. तासाभरानंच होतं आणि टाकीचं झाकण उघडल्यावर हवा आत ओढल्याचा आवाज येतो, तर टाकीची हवा आत येण्याची वाट बंद असू शकते. पेट्रोल उपसलं जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचणं जड जातं. पावसाळी हवेत वाढतं, तर करंट कुठून तरी बाहेर पळतोय. तापल्यावरच होतं, तर गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल किंवा क्रँक सेन्सर बघायचा. टाकी तळाला आल्यावरच होतं, तर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी आणि तळाचा गाळ बघायचा. पाना हातात घेण्याआधीच शोधाला दिशा मिळते.

वीस मिलिसेकंदांचा हिशेब

हे दुखणं वरच्या रेसलाच का दिसतं, हे समजायला थोडा हिशेब मांडावा लागतो.

फोरस्ट्रोक इंजिनात हवा ओढणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं हे एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडल करत असेल, तर एका सिलिंडरला या चक्रासाठी १५० मिलिसेकंद मिळतात. सहा हजार फेऱ्यांवर तेच काम २० मिलिसेकंदांत उरकायचं असतं. त्यातला जळत्या वायूनं पिस्टन खाली ढकलण्याचा भाग जेमतेम पाच मिलिसेकंदांचा. चार सिलिंडरच्या इंजिनात त्या वेळी सेकंदाला २०० ठिणग्या पडत असतात, आणि प्रत्येक ठिणगी ठरल्या क्षणीच पडावी लागते.

पेट्रोलचा हिशेब याहून बोलका आहे. बाराशे सीसीचं इंजिन पूर्ण दाबून सहा हजारांवर चालवलं, तर ते मिनिटाला तीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. वजनाच्या हिशेबात पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. पूर्ण ताकद हवी असताना मिश्रण त्याहून थोडं गडद ठेवतात. यावरून गणित केलं तर त्या क्षणी इंजिन तासाला वीस लिटरहून जास्त पेट्रोल या वेगानं पीत असतं. तेच इंजिन आयडलवर तासाला एक लिटरसुद्धा पीत नाही.

म्हणजे आयडलवर सुरळीत चालणारी गाडी आपल्याला फारच थोडं सांगते. अर्धा बुजलेला फिल्टर, दमलेला पंप, झिजलेला प्लग, तुंबलेला सायलेन्सर हे सगळे आयडलला निभावून नेतात, कारण तिथे मागणीच नसते. मागणी वीसपट झाली की जो भाग काठावर होता तो उघडा पडतो.

एक गोष्ट आधीच बाजूला काढायला हवी. प्रत्येक आधुनिक इंजिनाला कमाल फेऱ्यांची मर्यादा संगणकात घालून दिलेली असते. तिथे पोचलं की संगणक इंजिन वाचवण्यासाठी स्वतःच पेट्रोल तोडतो आणि गाडी गचके देते. काही गाड्यांत न्यूट्रलला ही मर्यादा आणखी खाली ठेवलेली असते. हा आजार नाही, तो राखणदार आहे. तक्रार खरी ठरते ती काटा लाल पट्ट्याच्या बराच अलीकडे असताना गचके आले तर.

डोळ्यांना दिसणारं इंजिन

वस्तादांची पिढी हे काम ज्या गाड्यांवर शिकली, त्यांत बिघाड डोळ्यांना दिसायचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून बाहेर पडणारी पद्मिनी १,०८९ सीसीच्या फियाट इंजिनावर चालायची. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तोवर या इंजिनानं मेकॅनिकांच्या कित्येक तुकड्या घडवल्या होत्या.

त्या इंजिनात वरच्या रेसला मिसिंग आलं की संशयित मोजके असायचे. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट जळलेत का, त्यांची फट बरोबर आहे का, त्यांची स्प्रिंग सैल पडून वेगात पॉइंट उसळतात का, कंडेन्सर गेलाय का. रेस वाढते तशी कॉइलला भरून घ्यायला मिळणारी वेळ कमी होते. पॉइंट नीट मिटले नाहीत तर ठिणगी फिकी पडते. कार्बोरेटरकडे वळलं तर मेन जेटमध्ये कचरा, फ्लोट चेंबरमध्ये पाणी, पंपाचा फाटका पडदा. जेट काढायचा, हवा मारायची, उजेडासमोर धरून भोक बघायचं. घाटमाथ्याची हवाही त्या गाड्यांना जाणवायची. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण बारा-तेरा टक्क्यांनी विरळ असते. कार्बोरेटरला हे कळायचा मार्ग नव्हता, तो पेट्रोल सोडतच राहायचा, आणि मुंबईत व्यवस्थित चालणारी गाडी वर काळा धूर ओकत अडखळायची.

डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची मारुती ८०० आली. सुरुवातीला तीही कार्बोरेटरचीच. बदल पुढच्या दीड-दोन दशकांत झाला, आणि तो धुराच्या नियमांमुळे झाला. १९९५ पासून महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिशामुळे तो निकामी होतो, म्हणून शिसेयुक्त पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीपर्यंत देशभरातून हद्दपार झालं. कन्व्हर्टरला हवं तितकं नेमकं मिश्रण देणं कार्बोरेटरला जमणारं नव्हतं. त्याची जागा एमपीएफआयनं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरनं पेट्रोल देणाऱ्या व्यवस्थेनं घेतली. मग बिघाडाचे कोड नोंदवणारी ओबीडी यंत्रणा, आणि एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम. हवा स्वच्छ व्हायला हे आवश्यकच होतं. पण इंजिनातलं पाहण्याजोगं बरंचसं आता टाकीच्या आत, रबरी नळीच्या आत आणि तारांच्या आत गेलं. नजरेचं काम मोजमापाकडे आलं, आणि सगळ्या गॅरेजांना ते अंतर सारख्या वेगानं कापता आलं नाही.

रेस की भार?

वस्तादांनी गाडी ट्रायलला काढली. बरोबर त्यांच्या हाताखालचा पोरगा, मांडीवर स्कॅनर घेऊन. निदानाचा कणा असलेला फरक त्यांनी या ट्रायलमध्ये तपासला : गाडी रेसला मिसिंग करते, का भाराला?

सर्वसाधारण माणसाला हे दोन्ही एकच वाटतं, कारण घाटात दोन्ही एकदम येतात. ते वेगळे करायच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली, उभी गाडी, तापलेलं इंजिन, न्यूट्रल. रेस सावकाश वाढवत चार हजारांच्या आसपास नेऊन काही क्षण स्थिर ठेवायची. इथे भार नाही, फक्त वेग आहे. इथेच अडखळली तर क्रँक सेन्सरचा तुटक सिग्नल, दात चुकलेला टायमिंग बेल्ट किंवा घसरलेली चेन, कमजोर व्हॉल्व्ह स्प्रिंग, तुंबलेला सायलेन्सर यांच्याकडे बघायचं.

दुसरी, मंद चढ, चौथा किंवा पाचवा गिअर, दोन-अडीच हजार फेऱ्या, आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा वेळ पूर्ण दाबायचा. इथे रेस कमी, पण भार मोठा. सिलिंडरमध्ये हवा भरगच्च शिरते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची फट झिजून वाढली असेल, चिनीमातीला केसाएवढी चीर असेल, कॉइलच्या रबरी टोपणातून करंट बाहेर पळत असेल, तर गाडी इथे ताडताड गचके देते. पेट्रोलची एकूण मागणी मात्र अजून कमीच असते.

तिसरी, तिसरा गिअर, चढ, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, काटा पाच हजारांकडे. इथे रेसही आहे आणि भारही. दुसऱ्या पायरीवर स्वच्छ चाललेली गाडी इथे कोसळली, तर ठिणगीवरचा संशय बराच कमी होतो आणि पुरवठ्यावरचा वाढतो : पेट्रोल पुरेसं येत नाही, किंवा धूर पुरेसा बाहेर जात नाही.

गचक्याची जातही सांगते. ठिणगी चुकली की झटका तोडून मारल्यासारखा, लख्ख जाणवतो. पेट्रोल कमी पडलं की ताकद मऊपणे ओसरते, गाडी हेलकावते, पाय काढला की सावरते. सायलेन्सर तुंबला असेल तर गचका फारसा नसतोच. कितीही दाबा, गाडी नुसती जड होत जाते.

आमची गाडी दुसऱ्या पायरीवर सरळ चढली. तिसऱ्या पायरीवर चार हजार दोनशेच्या आसपास तिची ताकद ओसरायला लागली. वस्ताद एवढंच म्हणाले, “करंटाचं न्हाई हे.” प्लग आणि कॉइलवर झालेला सगळा खर्च कशासाठी होता, हा प्रश्न मालकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

स्कॅनर काय सांगतो

पोराच्या हातातल्या स्कॅनरवर कोड होता पी०१७१. याचा अर्थ, मिश्रण पातळ आहे : हवेच्या मानानं पेट्रोल कमी. आधीच्या एका गॅरेजात हाच कोड बघून ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला होता, कारण पेट्रोल कमी असल्याची बातमी संगणकाला तोच सेन्सर देतो. सेन्सर खरं बोलत होता. बातमी आणणाऱ्याला बदलून बातमी बदलत नाही.

स्कॅनर हे अतिशय मोलाचं यंत्र आहे, पण तो फक्त लक्षण नोंदवतो. त्या कोडमागे फुटलेली हवेची नळी असू शकते, घाणलेला हवामापक सेन्सर असू शकतो, तुंबलेला इंजेक्टर असू शकतो, अशक्त पंप असू शकतो. त्यातला नेमका कोणता, हे शोधायला कोडच्या पुढच्या पानावर जावं लागतं, आणि घाईच्या गॅरेजात ते पान उघडलंच जात नाही.

त्या पानावर दोन गोष्टी असतात. पहिली, फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या किती, भार किती, तापमान किती, वेग किती हे संगणक जपून ठेवतो. वस्ताद मालकांना जे विचारत होते, त्यातल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर गाडीनं स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. दुसरी, फ्युएल ट्रिम. मिश्रण बरोबर ठेवण्यासाठी संगणक ठरल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, त्याचा आकडा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक.

या आकड्यातली खरी मेख, तो कुठे वाढतो यात आहे. इनटेकला कुठे चीर असून फुकटची हवा आत येत असेल, तर ट्रिम आयडलला जास्त असतो आणि रेस वाढवली की उतरतो. कारण इंजिन थोडी हवा घेत असताना त्या चिरेचा वाटा मोठा असतो आणि भरपूर हवा घेत असताना नगण्य. पेट्रोल कमी पडत असेल तर नेमकं उलट होतं : आयडलला आकडा नीट, रेसला चढता. घाणलेल्या हवामापक सेन्सरचंही असंच दिसतं, म्हणून तो ज्या गाड्यांत असतो तिथे आधी तपासून घ्यावा लागतो. या गाडीत तो नव्हता. हवेचा अंदाज दाबाच्या सेन्सरवरून घेतला जात होता. आयडलला ट्रिम चार-पाच टक्के होता, तीन हजारांच्या वर स्थिर चालवताना वीसच्या पुढे जात होता. आता बोट टाकीकडे होतं. पण टाकीत तर नवाकोरा पंप बसलेला होता.

नव्या पंपाचं कोडं

वस्तादांनी पेट्रोलच्या नळीला टी जोडून प्रेशर गेज लावलं आणि लांब नळीनं बॉनेटबाहेर काढून काचेवर टेपनं चिकटवलं, म्हणजे चालत्या गाडीत आकडा वाचता येतो. हे जाणत्या हातांनीच करायचं काम आहे. गरम इंजिनाशेजारी दाबाखालचं पेट्रोल गळलं तर आग लागते. आयडलला तीन बार, म्हणजे जसं हवं तसं. घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबल्यावर काटा दोनच्या खाली आला, आणि त्याच क्षणी गाडी ओसरली.

इथे दाब आणि पुरवठा यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. सोसायटीत पहाटे एकच नळ उघडा असताना चौथ्या मजल्यावरही पाणी जोरात येतं. सात वाजता सगळे नळ उघडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. टाकी तीच, पाइप तेच, फक्त मागणी वाढली. आयडलला मोजलेला दाब हा पहाटेचा दाब असतो. पंप खरंच किती पेट्रोल देऊ शकतो, हे मागणीच्या वेळीच कळतं.

मग नवा पंप पुरेसं का देत नव्हता? जाळी स्वच्छ होती, फिल्टर नवा होता, नळी कुठे दबलेली नव्हती. वस्ताद मल्टिमीटर घेऊन मागच्या सीटखाली गेले. पंपाचा कनेक्टर काढून मोजलं तर पूर्ण व्होल्टेज. आधीच्या गॅरेजातही एवढंच बघितलं गेलं असावं, आणि इथेच फसगत होते. कनेक्टर काढलेला असताना तारेतून करंट वाहत नाही. करंट वाहिला नाही तर खराब जोडावर व्होल्टेज पडत नाही. आणि कुजलेली तारसुद्धा ठणठणीत दिसते. म्हणून कनेक्टर जोडून, पंप चालू ठेवून, मागून सुई घालून मोजायचं. तसं मोजल्यावर आल्टरनेटरपाशी जवळजवळ १४ व्होल्ट होते आणि पंपाला मिळत होते साडेअकराच्या आतबाहेर.

हरवलेले व्होल्ट शोधायला त्यांनी मीटरची एक सुई पंपाच्या अर्थच्या टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली. तिथे जेमतेम एक-दोन दशांश व्होल्टचा फरक दिसायला हवा. दिसले दोनपेक्षा जास्त. हिशेब सरळ आहे : पंप पाच अँपिअरच्या आसपास करंट घेत असेल, तर जोडातला अर्ध्या ओहमचा अडथळाही अडीच व्होल्ट खातो. तार धरून पुढे गेल्यावर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट सापडला. त्याच्याखालची चकती गंजून पांढरी-हिरवी झाली होती. मालक काही वर्षं रत्नागिरीला होते. गाडी किनाऱ्याजवळ, उघड्यावर उभी असायची. खाऱ्या हवेनं काम केलं होतं.

कमी व्होल्टेजवर पंप मंद फिरतो. मंद फिरणारा पंप आयडलची थोडी गरज सहज भागवतो आणि घाटातली वीसपट गरज भागवू शकत नाही. जुना पंप बहुधा निर्दोषच होता. नव्यालाही त्याच बोल्टातून करंट मिळत होता.

बोल्ट सोडला, पत्रा सँडपेपरनं चकचकीत केला, नवी चकती घातली, घट्ट आवळलं, वरून ग्रीस लावलं. पुन्हा घाट. तिसरा गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. गेजचा काटा तीन बारवरून हलला नाही आणि इंजिन साडेपाच हजारांपर्यंत एका सुरात चढलं.

जिथे हयगय करू नये

प्रत्येक गाडी अशी स्वस्तात सुटत नाही. मिसिंग अंगावर काढलं तर एक दुखणं दुसऱ्याला जन्म देतं. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, त्यातलं पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. आतला बारीक छिद्रांचा सिरॅमिकचा ठोकळा वितळतो, छिद्रं बुजतात, आणि आता धूर बाहेर पडत नाही म्हणून गाडी वर ओढत नाही. तेव्हा प्लग बदलून काही होत नाही. याची तपासणीही अवघड नाही : पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात गेज लावून उलट दाब मोजायचा, किंवा इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून अडीच हजारांवर रेस स्थिर ठेवायची. व्हॅक्यूम हळूहळू उतरत गेला तर वाट तुंबली आहे. म्हणूनच डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा नुसता लागून न राहता लुकलुकायला लागला, तर पाय ताबडतोब सैल करावा. कन्व्हर्टर जळू शकेल इतकं मिसिंग आता होतंय, असा त्या लुकलुकण्याचा अर्थ असतो.

सध्या या तक्रारीसाठी पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमधल्या इथेनॉलकडे बोट दाखवणं वाढलं आहे. साखर कारखान्यांच्या आपल्या पट्ट्यात हा विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून तो नेमकेपणानं बोलावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि ते जळायला हवा कमी लागते. म्हणून वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणात तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरवर चालणारी गाडी हे बरंचसं सांभाळून घेते, कार्बोरेटरची गाडी घेऊ शकत नाही. इथेनॉल पाणी शोषतं, आणि जुन्या टाकीतला चिकटलेला थर सुटून फिल्टरमध्ये येऊ शकतो. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. पण याचा अर्थ एवढाच, की आधीच काठावर असलेला पंप किंवा फिल्टर आता लवकर उघडा पडेल. पेट्रोलवर खापर फोडणं हेही मोजल्याशिवाय पार्ट बदलण्याइतकंच अपुरं आहे.

निदानाची किंमत

वस्तादांना मी विचारलं, की असं मोजमाप सगळेच मेकॅनिक का करत नाहीत? त्यांचं उत्तर थोडक्यात असं होतं : पार्टाचं बिल लोक मुकाट देतात, डोक्याचं बिल मागितलं की भांडतात. दोन-तीन तास मोजमाप करून एक बोल्ट घासला, तर गिऱ्हाईक म्हणतं, “केलंत काय, एक बोल्ट तर घासलात.” तेवढ्या वेळात प्लग-कॉइल बदलणारा जास्त कमावतो.

या हिशेबात बदल आपणच करू शकतो. राज्यभरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड शिकवला जातो. तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांना पाना चालवता येतो. चालू सर्किटवर व्होल्टेज कुठे पडतं, ट्रिम आयडलला वाढतो की रेसला, हे शोधायची सवय त्यांना ज्या गॅरेजात लागेल तिथेच लागेल. आणि गॅरेज ती सवय तेव्हाच लावेल, जेव्हा त्या वेळेचे पैसे मिळतील. पुढे गाड्या विजेवर आल्या तरी हा गुण जुना होणार नाही. गंजलेला अर्थ तिथेही व्होल्ट खाणारच आहे.

तेव्हा आपल्या गाडीनं वरच्या रेसला गचके दिले, तर गॅरेजात जाण्याआधी कागदावर लिहा : किती फेऱ्यांवर, कुठल्या गिअरला, चढाला की सपाटीला, गार असताना की तापल्यावर, टाकीत किती पेट्रोल असताना, दिवा लागला का लुकलुकला. आणि मेकॅनिकला ‘प्लग बदलून टाका’ असं सांगू नका; ‘काय आहे ते शोधा, शोधायचे पैसे देतो’ असं सांगा. त्या दिवशी मालकांनी वस्तादांनी सांगितलेली रक्कम घासाघीस न करता दिली. त्यांच्या यादीतल्या सगळ्या पार्टांच्या बिलापुढे ती किरकोळ होती, आणि गाडी मात्र तेवढ्यानंच दुरुस्त झाली होती.